एकाच खोलीत सगळीकडे ती

प्रेम अनादी असतं, अनंत असतं आणि सर्वव्यापी असतं. या गोष्टीतलं प्रेम मात्र वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर अडकलं होतं आणि बाबा यायच्या आत ते पुसून टाकणं भाग होतं.

बाबा म्हणजे मुख्य ग्रंथपाल. ते जिन्यात खोकले, की वाचक पान उलटायचे थांबत. ती त्यांची मुलगी आणि त्यांच्याच हाताखाली कामाला. म्हणजे भीतीला रविवारीही सुट्टी नाही.

सकाळी पुस्तकांचा गठ्ठा घेऊन ती वाचनकक्षात शिरली, तर निळ्या शर्टातला एक फोटोग्राफर तिथे उभा. वरच्या फळीवरच्या पुस्तकाचं नावही वाचता येईल, असा सबंध कक्षाचा फोटो बाबांना हवा होता. त्यासाठी कॅमेरा थोडा थोडा फिरवत तुकडे टिपायचे आणि मग जोडायचे.

"जरा बाजूला होता?" तो म्हणाला.

ती सरकली. पाठोपाठ कॅमेराही तिकडेच वळला.

"अजून जरा..."

ती पुन्हा सरकली. पुन्हा कॅमेऱ्यासमोरच.

आता दुपारी जोडलेला फोटो समोर होता. कपाटापाशी ती, खिडकीपाशी ती, घड्याळाखाली ती, दारातही तीच.

"अहो, सांगायचं नाही का मला?"

"दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा... धीर झाला नाही."

त्यानं तिचा चेहरा मोठा केला. सगळीकडे तिची नजर भिंगाच्या किंचित बाजूला होती, आणि डोळ्याच्या बाहुलीत स्वच्छ दिसत होता — एक निळा शर्ट.

"पुसा मला!"

"मागे काय लावू? तुमच्यामागची भिंत माझ्याकडे नाहीच."

"कुठूनही आणा भिंत! बाबांना दिसलं तर..."

"काय दिसलं तर?"

"हेच... मी कुठे बघतेय ते."

त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग घाईनं पडद्याकडे. तिथेही तीच. "मला वाटलं, चोरी फक्त माझीच पकडली जाणार," तो पुटपुटला. "तुम्ही नीट उभ्या राहीपर्यंत मी... बटण दाबतच नव्हतो."

जिन्यात खोकला झाला.

बाबा आले, बसले, चष्मा लावला आणि फोटो मोठा करू लागले. दार. खिडकी. तिचा चेहरा. तिचा डोळा. तिनं टेबलाची कड घट्ट धरली. बाबांनी डोळा आणखी मोठा केला, मग मान वळवून निळ्या शर्टाकडे पाहिलं. बराच वेळ. मग फोटोतल्या वरच्या फळीकडे सरकले.

"पुन्हा काढावा लागेल."

"हो सर. चूक माझी—"

"उद्या ही तुमच्या शेजारी उभी राहील. नाहीतरी सारखी तिकडेच बघतेय."

बाबा दारापर्यंत गेले आणि थांबले.

"आणि बाळ, वरच्या फळीवर एक पुस्तक उलटं लागलंय. तेवढं सरळ कर."