ऑर्लहॅमची पाटी

समुद्राला कशाला बदनाम करता, साहेब? गाव तुम्ही बुडवलंत. बंधारा घालायला तुमच्याकडे पैसे नव्हते, पाटी काढायला मात्र माणूस पाठवलात!

तो माणूस म्हणजे नेड. ऑर्लहॅमच्या वेशीवर त्यानं पाटीचा पहिला बोल्ट सैल केला, तोच मागून आवाज आला—

"मी आहे अजून इथं."

हेस्टर. कड्यावरच्या शेवटच्या घरातली शेवटची बाई. शेजारी एकेक करून गेले. हिवाळाभर ती शेकोटीशीच बोलत होती.

"काय काढतोयस, ठाऊक तरी आहे का?"

"पत्रा."

"शहाणाच आहेस!" ती हसली... कितीतरी दिवसांनी. "शेवटचं 'हॅम' आहे ना, ते मुळात 'हाम'. आपले पूर्वज होड्यांतून इथं उतरले, तेव्हा बरोबर आणलेला शब्द. नुसत्या भिंतींना नाही म्हणत हाम. घर, शेजार, विहीर, पायवाट... सगळं मिळून. ऑर्ल हा त्यांचा म्होरक्या; त्याच्या माणसांचं हाम. एकट्याचं हाम होत नाही—"

बोलता बोलता ती समुद्राकडे वळली. नेडनं भिजलेली टोपी उगाच पिळली.

"चहा... मिळेल?"

आत शेकोटी धगधगत होती. नव्या घरातली पहिली आग जुन्या घरच्या निखाऱ्यांवर पेटवायची, ही इथली रीत. पण साहेबांनी दिलेल्या फ्लॅटला धुराडंच नव्हतं. उद्या घर पाडणार. त्याआधी आग तिनंच विझवायची.

"मी कालव्यावर बोटीतच राहतो. तिथं शेगडी आहे," नेड कपात बघत पुटपुटला. "धूर फार करते. आणि मी... घोरतो."

"हे आमंत्रण आहे की धमकी?"

"दोन्ही. निखारे तरी दे. तू मागून ये... वाटलं तर."

तिनं बादलीत निखारे भरले, झाकण लावलं, कडी त्याच्या हातात दिली. पण आपला हात काही काढला नाही.

"निखाऱ्यांना एकटं नाही पाठवत मी."

"मग मला?"

"तुला तर मुळीच नाही!"

एकाच कडीला दोघांचे हात. जाताना नेडनं उरलेले बोल्ट काढले आणि पाटी काखोटीला मारली.

आता बोला, साहेब! ऑर्लहॅम संपलं, असं लिहून मोकळे झालात ना? मग कालव्यावरच्या त्या बोटीतून धूर कसला येतोय? तिच्या दारावर कुठल्या गावाची पाटी आहे? उत्तर द्या!