‘ना’ कुठून आलं

जुन्या मित्राच्या, भालचंद्र गाडगुळांच्या पत्राला दिगंबररावांनी उत्तर लिहिलं नव्हतं. मिरजेचं घर विकून कॅनडात मुलीकडे कायमचं जावं का, एवढंच भालूनं विचारलं होतं. ‘तुझी अमेरिकन सून तुझ्याशी नीट बोलते का, ते खरं लिही. त्यावर मी ठरवीन.’

उत्तर तसं सोपं होतं. मेगन फार गोड बोलायची. पण दिगंबररावांनी आयुष्यभर छापखान्यात दुसऱ्यांची मुद्रितं तपासली होती. स्वतःचं वाक्य लिहायला बसलं की त्यांना त्याची खात्री वाटेनाशी होई.

ओहायोत आल्यावर मुलानं, सौमित्रनं, त्यांच्या कानात कर्णदुभाषी बसवला होता. शर्टाच्या बटणाएवढा. समोरचा इंग्रजीत बोलला की कानात मराठी, आपण मराठीत बोललो की समोरच्याच्या कानात इंग्रजी. इंग्रजी त्यांना वाचता येई, पण इथल्यांच्या तोंडून निघालेलं काही कळत नसे. बटणामुळे ती अडचण उरली नाही. रोज रात्री जेवताना मेगन सौमित्रला विचारी, ‘‘बाबा अजून राहतील ना?’’ त्या ‘ना’साठी दिगंबरराव एक पोळी जास्त खात.

गावातल्या कॉलेजात स्थलांतरितांसाठीचा इंग्रजीचा वर्ग अजून कसाबसा चालू होता; दिगंबरराव तिथं जात. आता विद्यार्थी पाचच उरले होते. शिकवणाऱ्या ओकोरोबाई दारातच सगळ्यांची बटणं एका वाडग्यात काढून ठेवायला लावत. एके दिवशी त्यांनी ‘हाऊ लाँग’चे प्रश्न घेतले. किती काळ राहणार, किती काळ थांबणार. कधी भरभर, कधी हळू, कानाला ओळखू येईपर्यंत.

निघताना दिगंबररावांनी वाडग्यातून चुकून शेजारच्या तुएतबाईंचं बटण उचललं. घरी जेवायला बसल्यावर ते कानात व्हिएतनामी बोलू लागलं. ओशाळून त्यांनी ते काढलं आणि खिशात टाकलं.

तेवढ्यात मेगन सौमित्रला काहीतरी म्हणाली. रोजचीच वेळ, रोजचाच सूर. पण आज शब्द सुटे सुटे ऐकू आले. ‘‘हाऊ लाँग इज ही गोइंग टू स्टे?’’

किती काळ राहणार आहेत हे?

दुसऱ्या दिवशी बटणांची अदलाबदल झाल्यावर त्यांनी ओकोरोबाईंना अडखळत विचारलं, ‘‘आमच्यात वाक्याच्या शेवटी ‘ना’ म्हणतात. माया असली की. त्याला इंग्रजीत काय?’’

बाईंनी बराच विचार केला. ‘‘असा शब्द नाही आमच्याकडे, मिस्टर शेटे.’’

संध्याकाळी सौमित्र गाडी धूत होता.

‘‘तो ‘ना’ कोण घालतं रे?’’

सौमित्रनं नळ बंद केला. ‘‘बटणच घालतं, बाबा. त्या सोयीला सौजन्य म्हणतात. कंपनीकडून चालूच येतं. बोचणारं तेवढं मऊ करतं. मी बंद केलं नाही, इतकंच.’’

‘‘मेगनला ठाऊक आहे?’’

‘‘इथं सगळ्यांनाच ठाऊक असतं. म्हणून तर माणसं मोकळेपणी बोलतात.’’

‘‘आणि मी बोललेलं तिला कसं ऐकू येतं?’’

‘‘गोडच,’’ सौमित्र म्हणाला. ‘‘परवा तुम्ही म्हणालात ना, सूप आहे की भांडी धुतलेलं पाणी? ती दिवसभर खूश होती.’’ तो हसला. दिगंबररावांना हसू आलं नाही.

शनिवारी सकाळी मेगन एकटी स्वयंपाकघरात होती. दिगंबररावांनी कानातलं बटण काढून ओट्यावर ठेवलं. वाक्य त्यांनी रात्रभर घोकलं होतं, तरी ते मोडकंच बाहेर आलं.

‘‘हाऊ लाँग यू वाँट, आय स्टे?’’

मेगन गोंधळली. मग तिनंही आपलं बटण काढलं. तिचे डोळे थकलेले आहेत, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. ती सावकाश, एकेक शब्द सुटा करत बोलली.

‘‘आय डोंट नो.’’

तिनं चहा ओतला आणि एक कप त्यांच्यापुढे सरकवला.

त्या दुपारी त्यांनी पत्र लिहिलं. ‘भालू, सून माझ्याशी आज पहिल्यांदा बोलली. मी किती दिवस राहावं ते तिला माहीत नाही, असं म्हणाली. मलाही माहीत नाही. पण तिचं वाक्य मला अख्खं कळलं. घर इतक्यात विकू नकोस. आधी लेकीकडे जा, महिनाभर कानात काही न घालता राहा. रोज रात्री तो ‘ना’ ऐकायची मला सवय झाली होती, आणि अजूनही तो ऐकावासा वाटतो. तुला त्याच्यावाचून राहवेल का?’

शेवटचं वाक्य खोडावं की ठेवावं, हे त्यांना ठरवता येईना. ते तसंच ठेवून ते कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत चालत गेले आणि त्यांनी पाकीट आत सोडलं.