सातातले चार

"माझा पंप कुणीतरी मुद्दाम जाळला," खुर्चीत टेकायच्या आधीच म्हातारे मालक म्हणाले.

खासगी तपासाचं काम करणाऱ्या बाईंनी चष्मा वर सरकवला. सगळे त्यांना वहिनी म्हणत. खरा दीर मात्र एकच होता, निवृत्त झालेले कवायतीचे मास्तर. हे भाऊजी प्रत्येक तपासात सोबत असत आणि बहुधा भलत्याच माणसावर संशय घेत.

"सविस्तर सांगा," वहिनी म्हणाल्या.

मालकांची दवाखान्यांसाठी पंप बनवणारी छोटी कंपनी होती. पुढची सगळी वाढ एका नव्या पंपावर अवलंबून होती. भागधारकांसमोर तो सुरू केला आणि थोड्याच वेळात धूर निघाला.

"नेमका आत्ताच! आमच्या शेअरना बाहेर गिऱ्हाईक मिळत नाही. कुणाला विकायचे असतील तर कंपनीनेच घ्यावेत आणि रद्द करावेत, असं मीच ठरवलं होतं. तेव्हा कुणी विकायला तयार नव्हतं. आता कामगारांची रीघ लागलीय. उद्या मुदत संपते."

"कामगारांकडे शेअर कसे?"

"कठीण काळात जे थांबले, त्यांना मी माझ्या वाट्यातून दिले. बैठकीत ते कायम माझ्या बाजूने हात वर करतात."

"पंप कुठाय?"

"माझ्या कपाटात. धूर निघाल्यापासून कुणी उघडलेला नाही."

कारखान्यात वहिनींनी मालक आणि भाऊजींसमोर पंप उघडला. हवेच्या जाळीवर आतून पारदर्शक चिकटपट्टी लावलेली होती.

"हे आपल्या तिघांतच राहू दे," त्या म्हणाल्या.

पंप बनवणाऱ्या इंजिनीयर मुलीचे डोळे सुजले होते. शेअर विकायला सर्वांत आधी तिनेच दिले होते. "तारेच्या गुंडाळीत माझंच काहीतरी चुकलं. आता कुठल्या तोंडाने भागीदार राहू?"

"हीच ती," भाऊजी कुजबुजले. "आधी हिनेच पळ काढला."

मालकांची मुलगी विक्रीचं काम बघायची. "बाबांनी आता आराम करावा म्हणून मी भांडते, ते लपवत नाही. पण पंपाच्या मागण्या मीच घेऊन ठेवल्यात. त्यातून धूर आला, एवढंच मला कळलं."

हिशेब सांभाळणाऱ्या पुतण्याने आधी पाणी पुढे केलं. "बाबा गेल्यापासून सर्वांत मोठा भागधारक मीच. माझ्याएवढं नुकसान कुणाचं? घाई करू नका म्हणत होतो. जाळीतून हवाच खेळली नाही, तर मोटर जळणार नाही का?"

"कामगारांना काय सांगितलंत?"

"विकून मोकळे व्हा म्हटलं. यात आता राम उरला नाही."

"तुम्ही विकलेत?"

"छे! काकांना वाऱ्यावर सोडू?"

"सज्जन माणूस," बाहेर आल्यावर भाऊजी म्हणाले.

दुपारी सगळे मालकांच्या खोलीत जमले. वहिनींनी बशीत दहा बिस्किटं मांडली.

"ही कंपनी. चार पुतण्याची. तीन मालकांची. तीन कामगारांची. मालक आणि कामगार मिळून सहा, म्हणून चारांचं काही चालत नाही. आता समजा कामगारांनी विकले आणि कंपनीने रद्द केले." त्यांनी तीन बिस्किटं भाऊजींच्या हातावर ठेवली. "बशीत किती उरली?"

"सात," भाऊजी म्हणाले. रद्द झालेलं एक त्यांच्या तोंडात होतं.

"सातातले चार म्हणजे..." मालकांची मुलगी बोलता बोलता थांबली.

"निम्म्याहून जास्त. एकही शेअर न घेता मालकी हातात, आणि खर्च कंपनीचा. पण पंप चालला असता तर कामगारांनी विकलं नसतं."

"फायदा होतो म्हणून मी चोर?" पुतण्या उसळला.

"नाही. फायदा पाहून मी फक्त नीट ऐकायला लागले. इंजिनीयर स्वतःला दोष देते. मालकांच्या मुलीला नुसता धूर दिसला. जाळी बुजलीय हे पंप उघडल्यावर आम्हा तिघांना कळलं. तुम्हाला ते कुणी सांगितलं?"

पुतण्याने काकांकडे पाहिलं. "कारखाना बाबांचाही होता. आणि तुम्ही वाटत सुटलात."

"माझ्यातलं वाटलं रे. तुझ्यातलं नाही."

"वाटूनही प्रत्येक वेळी तुम्हीच जिंकलात ना!"

मालकांनी हात पुढे केला. "तुझे शेअर तुझेच राहतील. कारखान्याच्या चाव्या मात्र ठेवून जा."

मग ते खाली कामगारांमध्ये गेले. काय झालं आणि कुणी केलं, ते काही न लपवता सांगितलं. घरातलं असूनही ते नाव घेतलं.

लेथ यंत्रावरच्या वयस्कर बाई पुढे आल्या. "मालक, मग आता हा पंप नक्की चालणार? कंपनी वाढणार?"

भाऊजींना वाटलं, हो म्हणून टाकावं.

"ठाऊक नाही," मालक म्हणाले. "चालला तरी दवाखाने घेतीलच असं नाही. ज्याला विकायचंय त्याने खुशाल विकावं. मला राग नाही."

बाईंनी हात पुसले.

"मग विकायला दिलेले माझे शेअर परत द्या. नक्की चालेल म्हणाला असतात, तर विकलेच असते."