बिनकाचेचं दार

हसू नका, पण मी स्वतः गाड्यांचा मेकॅनिक, आणि माझ्याच गाडीची काच वर्षभर कुईं करत होती. गाडी तशी दादाची, माझ्या थोरल्या भावाची. संध्याकाळी फाटकापाशी आला की तो बटण दाबून काच खाली घ्यायचा आणि हाक मारायचा, "आई, चहा टाक." आई कुईं ऐकूनच आधण ठेवायची. एका संध्याकाळी कुईं झालं, हाक आलीच नाही. आई बाहेर गेली तर काच अर्ध्यावर अडकलेली, आणि दादा स्टिअरिंगवर डोकं टेकून... झोपल्यासारखा.

तेव्हापासून गाडी मी चालवतो. फाटकापाशी काच कुईं करून अर्ध्यावरच अडकायची, आई हात पुसत दारात यायची, बघायची आणि तिचं तोंड उतरायचं. अहो, मीही तिचाच मुलगा ना? जिवाला फार लागायचं.

म्हणून एका सुट्टीच्या दुपारी ठरवलं, हा आवाजच मिटवून टाकू. दाराचं आतलं पॅनल उतरवलं, मोटरची वायर सोडवली, काच काढून व्हरांड्यातल्या भिंतीला टेकवली. काच ज्या रबरातून सरकते ते धुळीनं पार कडक झालं होतं. ते ओढून काढलं. ऊन पिवळं, सुस्त; पानसुद्धा हलत नव्हतं. ग्रीसच्या वासात मधूनच लवंगेचा वास यायचा. दादा सारखी लवंग चघळायचा.

हात धुवायला स्वयंपाकघरात आलो. आई ओट्यापाशी होती. तेवढ्यात बाहेर... कुईं. सावकाश, लांबलचक. काच अगदी तळापर्यंत उतरावी तसं.

माझ्या हातातला साबण निसटला.

"आई... ऐकलंस?"

"रोजच ऐकते." तिनं आधण ठेवलं.

"अगं, त्या दाराला काचच नाहीये आता. काढून ठेवलीय मी..."

"बरं केलंस," ती म्हणाली. "वर्षभर बघतेय. येता तुम्ही दोघं, आणि उतरतोस तू एकटाच. तो आपला काचेमागे बसून राहतो. माझं तोंड काय उगीच उतरतं?"

इतके दिवस मी तिच्यावर रुसून होतो, आणि ती बघत होती माझ्या पाठीमागे, गाडीकडे.

तिनं तीन कप भरले. तिसरा दादाच्या जागेवर ठेवला. मग दाराकडे बघून हसली, वर्षात पहिल्यांदा.

"ये रे. निवतोय."

लवंगेचा वास आत आला. खुर्ची जराशी सरकली. मी कपात बघत बसलो. मान वर करायचा धीरच झाला नाही.

चहा संपल्यावर आई माझ्या कानाशी वाकली. "आता काच बसवून टाक," ती हळूच म्हणाली. "परत गाडीत जाऊन बसायला नको."

उजेड होता तोवर बसवली. नवं रबर, वर थोडं सिलिकॉनचं वंगण. काच आता अजिबात वाजत नाही. कुईं करतं ते दादाच्या खोलीचं दार, रोज संध्याकाळी, चहाच्या वेळेला. तेलाची बाटली तिथंच कपाटावर आहे. मी काही त्या दाराला हात लावलेला नाही.