दाढेतलं पाणी

पाषाणच्या दंतजल प्रयोगशाळेत लाकडी पेट्या पोचल्या, आणि त्यांच्यामागोमाग दोन माणसं. एकमेकांशी न बोलणारी. इलोना वादकेर्ती या हंगेरीतल्या मेसेश गावच्या निवृत्त न्यायाधीश, आणि ओंद्रेय ह्रूज हे नदीपलीकडच्या स्लोवाक लिपोव्काचे शाळामास्तर. एके काळी दोन्ही गावं ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सम्राटाची प्रजा होती. अनेक भाषांचं ते साम्राज्य पहिल्या महायुद्धात कोसळलं, मधल्या नदीची सरहद्द झाली, आणि आता दोन्ही गावांत विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं.

पेट्यांत त्याच युद्धातले सैनिक होते. या दोन गावांतल्या तरुणांची एक तुकडी पोलंडच्या दलदलीत एकत्र पुरलेली सापडली आणि कुठलं हाड कोणत्या गावचं यावरून भांडण जुंपलं. युरोपातली प्रत्येक प्रयोगशाळा कुणाच्या तरी बाजूची निघे, म्हणून दोघांनाही पुणं निःपक्षपाती वाटलं. पुण्याला हे विशेषण बहुधा पहिल्यांदाच लागलं असावं.

प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. गिरिजा ओझरकर यांनी दोघांच्या कानांत कर्णदुभाषे बसवून दिले. हे यंत्र समोरच्याचं बोलणं ऐकणाऱ्याच्या भाषेत सांगे.

“दलदलीतल्या आम्लानं जनुकं संपवलीत,” गिरिजाबाई म्हणाल्या. “दातांवरचं कवच मात्र शाबूत आहे. ते लहानपणी एकदाच बनतं. मेसेश चुनखडीवर वसलंय, लिपोव्का ग्रॅनाइटवर, त्यामुळे खडकातून पाण्यात उतरणारं स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य वेगवेगळं. आडात असेल तेच दातात येतं. पहिली दाढ तान्हेपणचं पाणी सांगते, अक्कलदाढ दहा-बारा वर्षांच्या वयाचं. निवाड्यासाठी कुठली धरू?”

“पहिली,” इलोनाबाई म्हणाल्या. “माणूस जन्मतो तिथला असतो.”

मास्तरांनी हरकत घेतली नाही. जन्माचं पाणी ज्या गावचं, त्या गावचा देह, असा करार होऊन सह्या झाल्या.

इलोनाबाईंचा जीव एकाच पेटीत अडकला होता. एका सांगाड्याच्या गळ्यात पितळी ओळखडबी होती आणि तिच्यावर नाव कोरलेलं होतं: गाश्पार वादकेर्ती. त्यांचे पणजोबा. मेसेशच्या दफनभूमीत पणजीशेजारची जागा शंभरावर वर्षं मोकळी ठेवलेली. इलोनाबाईंची आई जाताना त्या जागेबद्दलच बोलत होती, आणि तिला दिलेल्या शब्दापायी या वयात त्या विमानात बसल्या होत्या.

गाश्पारची पहिली दाढ दंतवाचक यंत्रात गेली. उत्तर आलं, ग्रॅनाइट. गिरिजाबाईंनी पुन्हा मोजलं, तरी ग्रॅनाइटच.

“डबी दुसऱ्याची असेल,” इलोनाबाई म्हणाल्या.

तसं असू शकतं, गिरिजाबाईंनी मान्य केलं. पण अक्कलदाढ, सुरुवातीचा पातळ थर सोडला तर, स्वच्छ मेसेशची होती. आणि तुकडीतल्या कितीतरी अक्कलदाढांत पलीकडच्या पाण्याचा एक पट्टा दिसत होता, साधारण वर्षभराचा, नंतर पुन्हा घरचं पाणी. असं का व्हावं, ते त्यांना उमगेना.

मास्तरांना उमगलं. त्यांनी सांगितलं, की तेव्हा नदीच्या दोन्ही काठांवर पोरांची अदलाबदल चाले. आमचा मुलगा वर्षभर तुमच्या घरी, तुमचा आमच्या, शेजाऱ्याची भाषा यावी म्हणून. त्या साम्राज्यात पोट भरायचं तर एका भाषेवर भागत नसे. हे सगळं ते कर्णदुभाष्यातून सांगत होते, आणि त्याची त्यांना थोडी लाज वाटली.

“पण गाश्पार घरी परतला नाही,” गिरिजाबाई म्हणाल्या. “मेसेशचं पाणी सुरू झालं ते शेवटपर्यंत.”

मास्तरांनी डबीवरचं नाव पुन्हा वाचलं. मग म्हणाले, “एका वर्षी घटसर्पाची साथ आली होती. आमच्या गावात पाहुणी आलेली पोरं गेली. आजी सांगायची, ज्या घरात दुसऱ्याचं लेकरू दगावलं, त्या घरानं आपलं लेकरू परत मागितलं नाही. ते तिथंच राहायचं, मेलेल्याच्या नावानं.”

न्यायाधीशांना पुढचं सांगावं लागलं नाही. वादकेर्तींचा खरा गाश्पार लिपोव्कात मेला होता, आणि त्यांचे पणजोबा लिपोव्कात जन्मलेले, कुणा स्लोवाक आईनं देऊन टाकलेले. म्हणजे त्या स्वतःही तिच्याच वंशातल्या. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

“न्या त्यांना,” त्या म्हणाल्या. “करारावर सही माझी आहे.”

“दिलेलं मूल आम्ही परत घेत नाही, बाई. पणजीशेजारी झोपू दे त्यांना.”

पेटीवर मेसेशची चिठ्ठी लागली. इलोनाबाई जागच्या हलल्या नाहीत. तो लहानगा गाश्पार कुठं आहे, असं त्यांनी विचारलं. गावच्या चर्चमागं पोरांच्या कबरी आहेत, मास्तर म्हणाले, त्यांतल्या काहींवर नावच नाही. त्यांतलीच एक असेल. मृतांच्या दिवशी जाणारा-येणारा तिथं मेणबत्ती लावतो.

गिरिजाबाईंनी सह्यांच्या कागदाकडे पाहिलं. करारानुसार ते मूल मेसेशचं होतं. इलोनाबाईंनी मागितलं असतं, तर चर्चमागची सगळी माती उकरावी लागली असती.

“तोही दिलेलाच,” इलोनाबाई म्हणाल्या. “मेणबत्ती लावायला कधी येऊ, तेवढं सांगा.”