सत्कार आणि सव्वासहाची गाडी

"काका, बाईंचं ऐका तरी!" दीक्षा चौथ्यांदा म्हणाली.

"पोट्टे, खाली बस!" धर्मेंद्रकाकांनी तिला चौथ्यांदा बसवलं आणि पाहुण्याबाईंच्या खांद्यावर तिसरी शाल चढवली.

पाहुण्या म्हणजे मादाम सोलांज, फ्रान्समधल्या एका खेड्यातल्या विणकर. आठ दिवस त्यांनी अमरावतीजवळचे हातमाग पाहिले, आज निरोपाचा सत्कार होता. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि फ्रेंच शिकवणाऱ्या माधवी मॅडम अकोल्यात तापानं फणफणल्या होत्या. मग दुभाषा कोण? खुद्द संयोजक धर्मेंद्रकाका! "मले येते नं फ्रेंच!" असं ते छाती पुढे काढून म्हणाले होते. येत होते दोनच शब्द, 'वी' आणि 'मेर्सी'. म्हणजे 'हो' आणि 'आभार'!

माधवी मॅडमच्या सुट्टीच्या वर्गात दीक्षा, संघपाल आणि आचल 'प्रवासाचे बेत' हाच धडा घोकत होते. कुठे जाणार, कधी निघणार, गाडी किती वाजता! आचलचे आजोबा खुशालराव हसायचे, "फ्रेंच शिकून जासान कुठी? बडनेऱ्यालेच नं!"

मादामनी पुन्हा मोबाइल पुढे केला. "झ पार स स्वार!"

"वी, वी!" म्हणत काकांनी त्यांच्यासोबत फोटोच काढून घेतला!

दीक्षाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अरे, त्या आज संध्याकाळी निघतो म्हणून राहिल्या! पत्रिकेत तर जानं उद्या लिवलं हाय!"

"पाणी द्यायच्या निमित्तानं विचारू," संघपाल म्हणाला.

पेला पुढे करत दीक्षानं हळूच विचारलं, "आ केल अर?" किती वाजता?

मादामचे डोळे भरून आले. त्यांनी मोबाइल तिच्या हातात दिला. त्यावर गाडीचं तिकीट होतं. बडनेरा, सव्वासहा! तिथून मुंबई, मग विमान, आणि रविवारी मुलीचं लग्न! घड्याळात पाच वीस झाले होते.

"पाहुन्याचा फोन काहून घेतला?" काकांनी तो हिसकावून मादामना परत दिला आणि तिघांना मंचावरून खाली पिटाळलं. "अजून सात भाषणं हायेत!"

सात! लेकीच्या लग्नापेक्षा यांची भाषणं मोठी? दीक्षाला रडूच आलं, पण ते रागाचं होतं.

"आपल्याकडं कार्यक्रम कवा संपते?" आचलनं एकदम विचारलं.

"राष्ट्रगीत झालं की!"

तिघं मंचासमोरच्या माइककडे धावली. "राष्ट्रगीतासाठी सावधान!"

सगळं सभागृह ताडकन उभं राहिलं. काकाही चौथी शाल हातात धरून ताठ! मुलांनी एक अक्षर न चुकता राष्ट्रगीत म्हटलं. ते संपताच लोक चहा-पोह्यांकडे वळले. आता कोण कोणाचं भाषण ऐकतंय!

"कोनं सांगितलं होतं हे?" काका कडाडले.

मादामना घेऊन दीक्षा थेट अध्यक्षांच्या खुर्चीपाशी गेली. खुर्चीत खुशालराव होते. "आजोबा, हे तिकीट वाचा!"

त्यांनी चष्मा लावला. "अरे बापा! जीप काढा!"

सहा वाजून दहा मिनिटांनी मादाम बडनेऱ्याच्या फलाटावर होत्या. तिघांना त्यांनी घट्ट कवेत घेतलं. गाडी हलली, तशी मुलं ओरडली, "बों व्वायाज!" प्रवास सुखाचा होवो!

खुशालरावांनी दीक्षाच्या डोक्यावर हात ठेवला. "बडनेऱ्यालेच आलो पोट्टेहो, पन तुमच्या फ्रेंचनं आलो! आज तुमी आमची लाज राखली."

जीपमधून सोबत आलेले काका ओशाळून चौथ्या शालीची घडी घालत होते. "मलेबी एखादं वाक्य शिकव नं."

दीक्षाचा राग अजून उतरला नव्हता. "म्हणा, झ न कोंप्रों पा."

"म्हंजे?"

"मले समजलं नाई!"

आणि ते तिनं त्यांच्याकडून चार वेळा म्हणवून घेतलं.