टील आणि हेरॉन

दर जानेवारीत आयोवातला बर्फ मागे टाकून डार्लीन आणि एमेट आपली जुनी घरगाडी घेऊन ॲरिझोनाच्या वाळवंटात यायचे. क्वार्ट्झसाइट गावाबाहेरच्या माळावर त्यांच्यासारखीच म्हातारी माणसं आणि त्यांच्याहून जरा तरुण गाड्या मुक्कामाला असत.

त्यांची गाडी टील होती. हॅडली कंपनीचं सगळ्यांत छोटं मॉडेल. एमेटनं त्याच कारखान्यात कपाटं बसवण्यात उमेदीची वर्षं घालवली होती, आणि कुणी विचारो न विचारो, तो फरक सांगत सुटायचा. टील म्हणजे बदक: हिरवा पट्टा, ओटा दाराशी, रात्री टेबल पाडून त्याचाच पलंग करायचा. हेरॉन म्हणजे बगळा: तपकिरी पट्टा, टीलहून चांगली चार हात जास्त लांब, मागे कायमचा पलंग आणि ओटा डाव्या खिडकीखाली. सगळ्यांत मोठ्या पेलिकनला न्हाणीघरसुद्धा होतं, पण चढावर तिला ढकलायला दुसरी पेलिकन लागते, असं तो म्हणायचा. हेरॉन घ्यायचं दोघांच्या मनात होतं. ते राहून गेलं. शेजारी मुक्कामाला असणारा लॉइड त्यांच्या टीलला साबणाचा डबा म्हणायचा आणि एमेट त्याला त्याबद्दल दरवर्षी नव्यानं शिव्या घालायचा.

गेल्या उन्हाळ्यापासून एमेट विसरायला लागला होता. डॉक्टरांनी डार्लीनला बाजूला घेऊन सांगितलं होतं की इलाज असा काही नाही, फक्त त्याच्याशी वाद घालू नका.

एका सकाळी घडीच्या खुर्चीत कॉफी पीत बसलेला एमेट म्हणाला, की हेरॉनचा तपकिरी रंग उन्हात काय खुलतो. डार्लीनला हसू आलं. तिनं त्याला हात धरून उठवलं आणि दारावरची नावाची पट्टी दाखवली. त्यानं पट्टीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. दिवसभर तो जाकीट घालून पायरीवर बसून राहिला, जणू कुणीतरी त्याला न्यायला येणार होतं.

तिला स्वतःचाच राग आला. दुसऱ्या दिवशी तो तेच बोलला, तेव्हा ती म्हणाली, "हो रे, खुलतो खरा."

दुपारी गावातून कपडे धुऊन ती परतली, तर पट्टा तपकिरी होता. धूळ बसली असेल, म्हणून तिनं ओल्या फडक्यानं पुसला. फडकं मळलं. पट्टा तपकिरीच राहिला.

मग ओट्याचं झालं. एमेट डावीकडे चाचपडत होता. नळ खिडकीखाली असतो ना, असं त्यानं विचारलं आणि ती सवयीनं हो म्हणून गेली. सकाळी अर्धवट झोपेत तिनं डावीकडे हात नेला, किटली भरली, शेगडीवर ठेवली, आणि मग तिला दिसलं, ओटा दाराशी नव्हता, खिडकीखाली होता. कडा धरून ती खाली बसली. आपलंही वय झालं, परत गेलो की आपल्यालाही दाखवायला हवं, असं तिनं स्वतःला समजावलं. त्या विचारानं तिला उलट जरा बरं वाटलं.

एमेट एकदा म्हणाला, आज बर्फ पडणार. ती गप्प राहिली, आणि ऊन तसंच रणरणत राहिलं. तेव्हा तिला उमगलं. त्याच्या बोलण्यानं काही होत नव्हतं. जे होत होतं, ते तिच्या हो म्हणण्यानं.

मागे पलंग आहे ना, असं त्यानं विचारलं, तेव्हा तिनं जाणूनबुजून हो म्हटलं. टेबलावर झोपून त्याची पाठ धरायची. सकाळी गाडीचं मागचं टोक पलीकडच्या झुडपावर गेलेलं होतं. झुडपाची एकही फांदी मोडलेली नव्हती. ते आडवं, पसरट झालेलं होतं, वर्षानुवर्षं गाडीखालीच वाढावं तसं. एमेट मात्र पाय ताणून, तोंड उघडं टाकून गाढ झोपला होता. डार्लीन बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसली. कुणाचे तरी आभार मानावेत असं तिला वाटलं. कुणाचे, ते कळेना.

तिनं लॉइडला हाक मारली. "आमच्या साबणाच्या डब्याकडे बघ जरा."

"कसला साबणाचा डबा?" लॉइड म्हणाला. "हेरॉनला असं कोण म्हणेल?"

अशी गाडी मिळावी म्हणून मी दरवर्षी तुमच्यावर जळतो, असंही त्यानं ऐकवलं.

त्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी ती अंडी तळत होती. एमेट पलंगापाशी उभा होता.

"तुम्ही कोण?" त्यानं विचारलं. "मार्जोरी कुठाय?"

मार्जोरी नावाचं तिच्या माहितीत कुणीच नव्हतं. बहिणींत नाही, शेजारात नाही, कारखान्यातही नाही.

"एमेट, मी डार्लीन."

तो भिंतीला टेकला. पांघरूण छातीशी धरलं. "मार्जोरीला बोलवा ना."

अंडी झालीत, ये, असं ती म्हणाली. तो आवाज न करता रडायला लागला.

तिनं शेगडी बंद केली. त्याच्याजवळ जाऊन बसली. गालावर हात ठेवला. दाढीचे खुंट वाढले होते. तो तिच्याकडे पाहत राहिला.

"मार्जोरी?"

दार उघडं होतं. बाहेर लख्ख ऊन होतं. तिनं एकदा तिकडे पाहिलं.

"हो रे," ती म्हणाली. "मीच."

त्याचे खांदे सैल पडले. "कुठे गेली होतीस?"

"इथेच होते."

तो पोटभर जेवला. अंडी करपवण्यात तुझा हात कुणी धरणार नाही, असं म्हणून पूर्वीसारखा खळखळून हसला. तीही हसली. लॉइडनं जाता जाता दारातून डोकं आत घातलं. "मार्जोरी, गावात चाललोय. काही आणू?"

"दूध आण," ती म्हणाली.

एमेटला आणखी एक टोस्ट हवा होता. त्याला आवडतं तसं तिनं पार कडेपर्यंत लोणी लावलं आणि बशी त्याच्यापुढे सरकवली. मग तिचं लक्ष सुरीकडे गेलं. सुरी उजव्या हातात होती. ती जन्माची डावखुरी.

तिनं सुरी डाव्या हातात घेतली. त्या हाताला ती धरताच येईना.